उरलेले सात टक्के

पाटणबोरीहून यवतमाळला परत येत होतो. पांढरकवड्याच्या अलीकडे, चौपदरी रस्त्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. पुढे सरकीच्या पोत्यांचा ट्रक होता. ओव्हरटेक करायला पाय दाबला तर गाडीनं आधी एक उचकी दिली, मग क्षणभर विचार केला आणि मग कुठे उचल खाल्ली. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. उन्हात माणसाचंही असंच होतं असं म्हणून मी दिव्याकडे काणाडोळा केला.

पुढच्या तीन आठवड्यांची हकिकत थोडक्यात उरकतो, कारण ती सांगताना माझीच मला लाज वाटते. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. पी ०१७१ असा कोड निघाला. ‘सिस्टिम टू लीन’, म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते आहे. प्लग बदलले. चौथ्या दिवशी दिवा हजर. मग ‘सेन्सर गेला’ म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. त्या बिलात घरचा महिन्याचा किराणा आला असता. आठवडा गेला, दिवा पुन्हा हजर. मी परत तिकडेच निघालो होतो, तेव्हा शेजारच्या सरांनी फाटकातच अडवलं.

सर म्हणजे आठवी ते दहावी मला विज्ञान शिकवणारे सर. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, पण प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची सवय गेलेली नाही. त्यांच्याकडे १९९६ ची, कारब्युरेटरची मारुती ८०० आहे. एमएच २९, पहिल्या मालकाच्याच नावावर. अलीकडे ती सकाळी लवकर चालू होत नाही, म्हणून सरांचा पेट्रोलवर राग. आर्णी रोडच्या मिस्त्रीकडे जाऊ म्हणाले. मिस्त्रीही त्यांचाच विद्यार्थी, मला दोन वर्षं मागे. आयटीआय करून काही वर्षं चाकणला होता, मग घरच्या ओढीनं परत आला. निघताना सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेतलं. ते काय आहे हे मला गॅरेजमध्ये कळलं.

तिथे दोघांत जे बोलणं झालं ते आठवतं तसं मांडतो. दोन-तीन फेऱ्यांतलं एकत्र केलं आहे.

सर: हे बघ, याच्या गाडीला काही झालेलं नाही. जे झालं ते पेट्रोलला झालं.

मिस्त्री: काऊन जी सर?

सर: इथेनॉलच्या रेणूत काय असतं? दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. रेणुभार ४६, त्यातले १६ एकट्या ऑक्सिजनचे. म्हणजे वजनाच्या पस्तीस टक्क्यांच्या जवळपास. हे इंधन आपली हवा खिशात घेऊनच येतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला नऊ किलोच पुरते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला लागते साडेतेरा. आता गाडी २०१२ ची. ती जुन्याच हिशेबानं, हवा मोजून पेट्रोल सोडणार. हवा उरणारच. झालं लीन. यात प्लगचा काय दोष आणि सेन्सरचा काय?

मिस्त्री: रसायन तुमचं बरोबर हाय. पण तसं असतं तर यवतमाळातल्या साऱ्या जुन्या गाड्यायचे दिवे लागले असते. माह्याकडे रोज येतात ना गाड्या. पेट्रोल तेच, पंपही तेच. दिवा काही सगळ्याईचा लागत नाही.

सर: काहींना दम्याचा त्रास असतो, काहींना नसतो. धूळ तीच असते.

मिस्त्री: मंग दम्याचंच औषध पाहू ना जी. धुळीले किती दिवस शिव्या देणार?

सर हसले नाहीत. त्यांनी कागद सोडला. आत काचेचं मोजपात्र होतं, शंभर मिलिलिटरचं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं. मिस्त्रीनं आधी पोराला सांगून ग्राइंडर बंद करायला लावला आणि बाहेर बिडी ओढत बसलेल्या ड्रायव्हरला रस्त्यापलीकडे पाठवलं. मगच टाकीतून थोडं पेट्रोल काढलं. सरांनी ८० मिलि पेट्रोल घेतलं, त्यात २० मिलि पाणी घातलं, तोंड झाकून पात्र हलवलं आणि फळीवर ठेवून दिलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं. पाच-सात मिनिटांनी दोन थर स्वच्छ दिसायला लागले. खालचा थर, जो वीसवर असायला हवा होता, तो छत्तीसच्या थोडा खाली येऊन थांबला.

सर: सोळा मिलि वाढलं. ऐंशीत सोळा. वीस टक्के. आता बोल.

मिस्त्री: मी काय बोलणार, तुमीच बोलले. पंपवाला ई-२० म्हणून विकते, निघालं ई-२०. म्हणजे पेट्रोल खोटं नाही, असाच अर्थ झाला ना?

सर थोडा वेळ मोजपात्राकडे बघत राहिले. मला वाटतं, हा निष्कर्ष त्यांच्या प्रयोगातून दुसऱ्यानं काढावा हे त्यांना फारसं रुचलं नाही. गावात पेट्रोलबद्दल जे बोललं जातं त्यात दोन गोष्टींची भेसळ असते. एक, पंपावर लबाडी होते. दोन, सरकारनंच मिश्रण बदललं. पहिली या काचेत तरी दिसली नाही. दुसरी उघड आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० विकायला सुरुवात झाली आणि २०२५ येईतो ते सगळीकडेच झालं. आधी २०३० चं ठरलेलं उद्दिष्ट पाच वर्षं अलीकडे आणलं. रस्त्यावरच्या गाड्यांचं वय काही पाच वर्षांनी अलीकडे आलं नाही.

सर: बरं, खोटं नाही. पण वेगळं आहे. ते वेगळेपण तुझं इंजिन सोसणार कसं?

मिस्त्री: आता खरा प्रश्न विचारला सर. पाहा, इंजेक्शनची गाडी आंधळी नाही. सायलेन्सरच्या वरच्या तोंडाशी ऑक्सिजन सेन्सर बसवला हाय. जळून बाहेर येणाऱ्या धुरात ऑक्सिजन उरला का, हे तो पाहते. उरला तर ०.१ व्होल्ट, नाही उरला तर ०.९. मधी ०.४५ ची रेघ. चांगल्या गाडीत काटा या रेघेच्या खाली-वर नाचत राहते. खालीच बसून राहिला तर ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, समजते का लीन झालं, मंग ते इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडं ठेवते. किती जास्त, तो आकडा स्कॅनरवर दिसते. त्याले म्हणतात फ्युएल ट्रिम. दहा टक्क्यापर्यंत वर-खाली चालते. पंचवीसच्या आसपास गेलं का ईसीएम हात टेकते आणि दिवा लावते.

सर: म्हणजे शकुंतलेचा ड्रायव्हर जे करायचा तेच.

हे मला समजायला जरा वेळ लागला. सर लहान असताना शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, वाफेवर चालायची. १९९४ पर्यंत वाफेवरच चालली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं इंजिन. सर सांगतात की ड्रायव्हरची नजर रुळांइतकीच धुराड्यावर असायची. धूर काळाकुट्ट झाला की आगीला हवा कमी पडते. धूर अजिबात दिसेनासा झाला की हवा इतकी जास्त की आग थंड पडते. मधला फिकट धूर टिकवायचा. त्याप्रमाणे तो फायरमनला कोळसा टाकायला किंवा थांबायला सांगायचा.

मिस्त्री: तेच. फक्त डोळ्याच्या जागी व्होल्ट आले.

सर: मग मला हे सांग. तुझ्या सेन्सरला ऑक्सिजन उरलेला दिसतो. तो इथेनॉलच्या खिशातून आलेला की कुठल्या फटीतून घुसलेला, हे त्याला कसं कळतं?

मिस्त्री: त्याले नाही कळत.

सर: झालं तर मग.

मिस्त्री: त्याले नाही कळत, मले कळते. आधी एक करू. भाऊनं बसवलेला सेन्सर जिवंत हाय का, ते पाहू.

त्यानं इंजिन चालू ठेवून एअर फिल्टरच्या नळीत कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारला, बेतानं, गरम सायलेन्सरपासून लांब. क्लीनरही इंधनच, त्यामुळे क्षणभर मिश्रण घट्ट झालं. स्कॅनरवरचा आकडा ०.१ वरून ०.८५ वर उडी मारून पुन्हा खाली आला. सेन्सर ठणठणीत होता. माझा काढून टाकलेला जुना सेन्सर डिकीतच होता. मिस्त्रीनं तोही लावून पाहिला. तोही ठणठणीत. त्या वेळी माझा चेहरा कसा झाला असेल, ते मिस्त्रीच्या पोराला विचारा.

मग त्यानं खाली वाकून सायलेन्सरचं तोंड, मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासलं. तिथे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर तिलाच उरलेला ऑक्सिजन समजतो आणि इंजिन नीट असूनही लीन म्हणतो. मिसिंग असेल तरी तसंच. न जळलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. मिस्त्री याला ‘खोटं लीन’ म्हणतो. माझ्या गाडीत ते नव्हतं. सरांनी माझे जुने प्लग मागून घेतले, चष्मा कपाळावर चढवून टोक पाहिलं आणि ‘पांढरं आहे, लीनच’ असा निकाल दिला. मिस्त्री म्हणाला, शिशाच्या पेट्रोलच्या काळात प्लग बोलायचा, आताच्या पेट्रोलनं त्याची वाचा गेली. माझ्या मते यात सर अर्धे बरोबर होते, पण त्या अर्ध्यावर कोणी खर्च करू नये.

मिस्त्री: आता पाहा सर. इथेनॉल टाकीत हाय. गाडी उभी असो का पळत असो, दर थेंबात तेवढंच. म्हणजे त्याच्यामुळं जेवढे टक्के चूक आयडलले, तेवढीच अडीच हजार आरपीएमले. बरोबर?

सर: बरोबर.

मिस्त्री: फटीचं तसं नसते. फट असते तेवढीच राहते. पण रेस केली का इंजिन जास्त हवा ओढते, मंग त्याच्यात फटीतल्या हवेचा वाटा कमी होते. दोन माणसाच्या चहात वाटीभर पाणी पडलं तर जिभेले कळते. लग्नाच्या पातेल्यात पडलं तर कोणाले कळते?

सर: आणि पेट्रोलचा पंप अशक्त असेल तर?

मिस्त्री: तर उलटं. उभ्या गाडीले काहीच होत नाही. चढावर, चार माणसं बसली, एसी चालू, तेव्हा इंजिन मागते आणि पंप देऊ शकत नाही. तिथं ट्रिम वाढत जाते. टाकीतली जाळी चोक झाली, का फिल्टर, का इंजेक्टर, सगळ्याईचं सोंग तेच. मंग गेज लावून प्रेशर पाहाचं. पण भाऊच्या गाडीत ते नाही दिसत. घ्या, वाचा.

स्कॅनर त्यानं सरांच्या हातात दिला. आयडलला ट्रिम २१ टक्के. रेस करून अडीच हजारावर धरली तर ११. त्याच पडद्यावर इंजिन किती हवा ओढतं तेही येत होतं. आयडलला सेकंदाला २ ग्रॅम, अडीच हजारावर ७ ग्रॅम.

सरांनी स्कॅनर परत दिला आणि माझ्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं लिहायला लागले. मला नववीचा वर्ग आठवला. इथेनॉलचे टक्के ‘अ’, फटीचे आयडलवरचे टक्के ‘ब’. अ अधिक ब बरोबर २१. अडीच हजारावर हवा साडेतीन पट, म्हणून फटीचा वाटा साडेतीननं भागायचा. अ अधिक ब भागिले साडेतीन बरोबर ११. वजाबाकी. ब बरोबर चौदा. अ बरोबर सात.

सर: फटीतून दोन्ही वेळी सारखीच हवा येते असं धरलं, ते ढोबळ आहे. पण हे बघ. साडेतेरा आणि १४.७ चा हिशेब केला तर वजनानं जवळजवळ नऊ टक्के इंधन जास्त लागायला हवं. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडं जड, म्हणून आकारमानात सात-आठ. आणि इथे निघाले सात! तू तुझी फट दुरुस्त कर. माझे सात टक्के तुझ्या पान्यानं निघायचे नाहीत.

मिस्त्री: लावता का पैज?

सर: शिक्षक पैज लावत नाही. भाकीत करतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण मिस्त्रीनं ती दोनदा बजावली. माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, एमएएफ म्हणतात त्याला. त्याच्या पुढे फट पडली तर तिथली हवा मोजलीच जात नाही, म्हणून हे आकडे असे निघाले. पुष्कळ छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे फटीतली हवाही दाबात धरली जाते आणि पेट्रोलही त्याबरोबर वाढतं. मग लीनचा कोड न येता आयडलच चढलेलं राहतं, किंवा वर-खाली होतं. हंटिंग म्हणतात ते. म्हणजे रोग एकच, पण दोन घरांत दोन सोंगं.

आता फट कुठे आहे ते शोधायचं होतं. सर म्हणाले, उदबत्ती लावून नळ्यांजवळ फिरव, धूर जिथे ओढला जाईल तिथे फट.

मिस्त्री: नाई जी. पेट्रोलच्या वासाजवळ मी विस्तव नेत नाही. एका गॅरेजवाल्याची मिशी अशानंच गेली.

त्याचं यंत्र बघण्यासारखं होतं. पत्र्याचा हवाबंद डबा, झाकणाला दोन नळ्या, आत एका जुन्या डिझेल जीपचा ग्लो प्लग, तळाला बेबी ऑइल. बॅटरीची तार जोडली की तेल तापून पांढरा धूर होतो. कॉम्प्रेसरची अगदी हलकी हवा तो धूर इंजिनच्या हवेच्या वाटेत ढकलते. इंजिन बंद, इंजिन गार. फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकनं बांधलेलं. मिनिटभर काही नाही. मग मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, जिथे वरून नजर जात नाही, तिथून धुराची एक बारीक रेघ वर आली. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणाऱ्या नळीचा कोपर. पीसीव्हीची नळी म्हणतात तिला. वरून रबर काळं, गुळगुळीत, निरोगी. मिस्त्रीनं ती काढून बोटांत वाकवली तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली, आतून वाळलेल्या भेंडीसारखी. ब्रेक बूस्टरची जाड नळी आणि थ्रॉटल बॉडीच्या मागचं गॅस्केटही त्यानं त्याच धुरात पाहून घेतलं. ती दोन्ही ठीक होती.

सर: इथेनॉलनं रबर खाल्लं.

मिस्त्री: या नळीत पेट्रोल जातच नाही सर. तेलाची वाफ जाते. हिले खाल्लं ते यवतमाळच्या उन्हानं आणि इंजिनच्या आचेनं. बारा-तेरा उन्हाळे झाले तिचे. इंधनाची नळी असती तर तुमचं ऐकलं असतं.

इथे मात्र मी मनातल्या मनात मिस्त्रीच्या बाजूचा झालो. इथेनॉल जुन्या रबराला आणि काही धातूंना सोसत नाही हे खरं आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असे बनवायचं ठरलं, ते उगाच नाही. पण प्रत्येक चिरेवर एकाच गुन्हेगाराचं नाव टाकायला लागलो की तपास थांबतो. माझा सेन्सर तसाच बदलला गेला होता.

नळी यवतमाळात मिळाली नाही. नागपूरहून येईपर्यंत दोन दिवस गेले. पोरानं मधल्या वेळेत एम-सील लावून देऊ का विचारलं, त्याला मिस्त्रीनं जे उत्तर दिलं ते छापता येत नाही. तिसऱ्या दिवशी नवी नळी, नव्या क्लिपा. मिस्त्रीनं ईसीएमनं आजवर शिकून ठेवलेला हिशेब पुसला. नाहीतर ते काही दिवस जुन्याच सवयीनं जादा पेट्रोल ओतत राहतं. आणि म्हणाला, आर्णी रोडनं चाळीस किलोमीटर जाऊन या, मधे थांबा, मधे दाबा, सगळ्या प्रकारानं चालवा. सर शेजारी बसले, मांडीवर स्कॅनर.

उचकी गेली होती. आयडल स्थिर, एसी लावल्यावर गाडी थरथरायची तेही थांबलं. परत गॅरेजमध्ये आलो. आयडलला ट्रिम ८ टक्के. अडीच हजारावर ७.

सर काहीच बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मोजपात्रासारखंच हेही त्यांनी आधी मांडून ठेवलं होतं, पण या वेळी निष्कर्षही त्यांचाच निघाला.

मिस्त्री: मानलं सर. पण दिवा माह्या चौदानं लावला होता.

सर: तुझ्या चौदानं एकट्यानं लावला नसता. पंचवीसची मर्यादा आहे म्हणालास. चौदावर ही गाडी आणखी दोन उन्हाळे कुरकुर न करता चालली असती. माझे सात आधीच जागा अडवून बसले होते, म्हणून तुझी चीर एवढी मोठी दिसली. गरम ट्रॅफिकमध्ये एकवीसचे पंचवीस झाले आणि दिवा लागला.

मिस्त्री: हे खरं. मीही तेच पाहून राहिलो. पहिले अशी चीर घेऊन गाड्या वर्ष-वर्ष फिरायच्या, आता लवकर दिवा लागते. पण याच्यात चांगलं काय झालं ते पाहा ना. नळी फुटली हे लवकर कळलं.

सर: म्हणजे खिशातले पैसे कमी झाले म्हणून खिशाचं भोक सापडलं. अभिनंदन कर माझं.

मिस्त्री: कंपनीनंच दहा-वीस टक्के सांभाळाची सोय ठेवली ना? ते सोय कायसाठी असते? वापरासाठीच.

सर: ती झीज सांभाळायला ठेवली होती. जाळी थोडी चोक होईल, इंजेक्टर थोडा बुजेल, नळी थोडी कडक होईल, यासाठी. ती सोय आधीच कोणीतरी उचलून दुसऱ्याच कामाला लावली. मला विचारून नाही. आणि पेट्रोलमध्ये इंधनाची ताकद कमी झाली ती वेगळीच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. जुन्या, ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचा मायलेज ई-२० वर सहा-सात टक्के घटतो असं त्यांनीच लिहून ठेवलं. पण लिटरचा भाव सहा-सात टक्के कमी झाल्याचं मी तरी पंपावर पाहिलं नाही.

मिस्त्री: ॲव्हरेजचं तुमचं खरं हाय. पण इथेनॉलच्या पायी ऊसवाल्याले चार पैसे मिळतात म्हणतात.

सर: मिळत असतील. कापूसवाल्याला काय मिळालं? आपला जिल्हा कशाचा आहे?

यावर मिस्त्रीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण वाद या दिशेला वळला की गाडी उघडी राहते, म्हणून मी मधे पडलो आणि मला पडलेला प्रश्न विचारला. आमच्याकडे गॅरेजमध्ये पुष्कळ लोक उलट मागणी करतात. मिक्स्चर लीन करून द्या, ॲव्हरेज वाढते.

मिस्त्री: कारब्युरेटरच्या काळात रोज एक तरी यायचा. थोडं लीन केलं तर दोन-चार टक्के वाढतेही. त्याच्या पुढं गेलं का ज्वाला सावकाश जळते, मिसिंग येते, गाडी ओढत नाही, मंग माणूस आणखी पाय दाबते आणि होतं तेही ॲव्हरेज जाते. पूर्ण दाबून चढावर नेली तर नॉकिंग. टू-स्ट्रोकमधी तर पिस्टन चिकटायचा. मी भोक पडलेला पिस्टन पाह्यला हाय, नाण्याएवढं भोक. तो मालक घरी ॲव्हरेज लिहून ठेवायचा, वहीत.

सर: आता माझ्या गाडीचं बोल. तिच्यात तुझा डोळा नाही, व्होल्ट नाही, ट्रिम नाही.

आणि इथे, इतका वेळ ताठ उभा असलेला मिस्त्री एकदम मऊ झाला.

मिस्त्री: तिच्याबद्दल तुमी शंभर टक्के बरोबर सर. कारब्युरेटरमधी जेटचं भोक ठरलेलं. हवा गेली का तेवढंच पेट्रोल ओढलं जाते. मागचं कोणी पाहत नाही, सांगत नाही. ते सात-आठ टक्के लीन तिथं खरंच लीन राहते. चोक अर्धा ओढला का गाडी नीट चालते ना?

सर: चालते. म्हणून तर वर्षभर अर्धा चोक ओढूनच फिरतोय.

मिस्त्री: तेच निदान हाय. चोकनं सुधारली म्हणजे लीन. मंग मले सांगितलं काऊन नाही?

सर: तू स्कॅनर लावायला सांगशील असं वाटलं.

दोघंही हसले, पहिल्यांदाच. मग सरांचा पुढचा मुद्दा आला, आणि तो माझ्याही गाडीला लागू होता. ऑक्सिजन सेन्सर सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. सकाळी थंड इंजिन चालू होतं तेव्हा तोही झोपलेलाच असतो. त्या वेळी माझी गाडीही सरांच्या गाडीइतकीच आंधळी, कालच्या आठवणीवर चालणारी. मिस्त्रीनं हे मान्य केलं आणि वर स्वतःची एक गोष्ट जोडली. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या हवेतली ओल इथेनॉल शोषून घेतं. फार झाली की सरांच्या मोजपात्रातल्यासारखे दोन थर टाकीतच पडतात, आणि इंजिन खालचा थर आधी पितं.

दुसऱ्या दिवशी सरांची ८०० गॅरेजमध्ये आली. मिस्त्रीनं आधी फ्लोटची पातळी पाहिली, मॅनिफोल्डखालचं गॅस्केट बदललं, कारण तिथूनही ती थोडी हवा घेत होती, आणि मगच मोठ्या भोकाचा जेट टाकला. मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर. सर बाजूला उभे राहून प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारत होते. मिस्त्री हात न थांबवता उत्तरं देत होता. एकदा त्याचं उत्तर चुकलं. सरांनी दुरुस्त केलं. त्यानं ‘हो सर’ म्हटलं आणि स्क्रू पाव फेरा परत आत घेतला.

माझं बिल नळीचं, क्लिपांचं आणि मजुरीचं झालं. साडेनऊशे. सरांनी ते माझ्या हातातून घेऊन वाचलं.

सर: यात माझे सात टक्के कुठे लिहिले?

मिस्त्री: ते मी कोणाच्या नावानं लिहू जी?

८०० चालू झाली. सरांनी सवयीनं चोककडे हात नेला, मग तो स्टिअरिंगवर ठेवला, आणि गाडी आर्णी रोडला लावून घराकडे वळवली. मागे पेट्रोलचा थोडा जास्तच वास राहिला. मिस्त्रीनं नाक वर करून तो हुंगला, म्हणाला, अजून पाव फेरा आत घ्याले लागते, आणि फोन करायला आत गेला.